शिर्डी कुठल्या फांदीवर?

जून १९९९ मध्ये शिर्डी तसूभरही हलली नाही, पण तिचा तालुका बदलला. तोवर ती कोपरगाव तालुक्यात होती. कोपरगावातली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली गावे काढून राहाता हा नवा तालुका झाला आणि शिर्डी त्यात गेली. माणसांच्या व्यवहारात असा बदल राजपत्रातली अधिसूचना, नकाशावरची नवी रेघ आणि राहात्याची तहसील कचेरी एवढ्यात मार्गी लागतो. पत्र पाठवणारा काही वर्षे जुन्या सवयीने ‘तालुका कोपरगाव’ लिहीत राहतो आणि पत्रही बिनबोभाट पोचते. संगणकाला अशी सवलत नाही. जिल्ह्याखाली तालुके आणि तालुक्याखाली गावे अशी उतरंड ज्या यंत्रणेत साठवलेली असते, तिच्या दृष्टीने त्या दिवशी एका झाडात नवा नोड जोडला गेला आणि दुसऱ्या नोडांखालची गावे काढून त्याच्याखाली आणली गेली. वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांच्या भाषेत हे ‘ट्री व्ह्यूमध्ये नोड ॲड करणे’. शिकाऊ प्रोग्रॅमरला हे काम पहिल्याच आठवड्यात देतात. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या यंत्रणांत मात्र नेमके याच कामात घोळ होतात. प्रस्तुत प्रकरणाचे म्हणणे असे की या घोळाचे मूळ पडद्यावर नसते. नोडची ओळख आणि नोडची जागा या दोन गोष्टी एकच मानल्या की तो सुरू होतो.

ट्री व्ह्यू बहुतेकांच्या पाहण्यातला आहे. डाव्या बाजूला बारीक त्रिकोण किंवा अधिकचे चिन्ह, त्यावर टिचकी मारली की खालच्या ओळी उलगडतात आणि पुन्हा मारली की मिटतात. विंडोज ९५ ने फाइली आणि फोल्डर दाखवण्याची ही रीत घरोघरी नेली आणि तिथून ती वेबवर आली. महसुलाच्या संकेतस्थळांवर तेच झाड पायऱ्या-पायऱ्यांनी समोर येते. सातबारा पाहायला महाभूलेख उघडले की आधी विभाग निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक. महाराष्ट्राचे सहा विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके. नाशिक विभागातल्या अहिल्यानगर जिल्ह्यापाशी आलो की खाली १४ तालुके: अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आणि त्यातल्या गावांची संख्या दीड हजारांवर. तालुका आणि गाव यांच्यामध्ये महसूल मंडळ आणि तलाठ्याचा सजा असे दोन थर आणखी असतात. सामान्य खातेदाराला ते दिसत नाहीत, पण कचेरीचा गाडा त्यांच्यावर चालतो. गावाखाली गट आणि गटाखाली पोटहिस्से. एवढे खोल आणि एवढे रुंद झाड ज्याला सांभाळायचे आहे, त्याने ‘नोड जोडणे’ हा शब्दप्रयोग जरा जपूनच वापरलेला बरा.

पडद्यापुरते पाहिले तर काम खरोखरच सोपे आहे. ब्राउझर प्रत्येक पानाची स्मरणात एक रचना करतो आणि ती रचना स्वतःच झाडासारखी असते. यादीच्या आत ओळ, ओळीच्या आत पुन्हा यादी. ज्या ओळीखाली भर घालायची ती शोधायची, तिच्या आतल्या यादीत नवी ओळ बसवायची, की झाले. जेएसट्रीसारख्या तयार लायब्रऱ्यांनी हे एका आज्ञेवर आणून ठेवले आहे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २००५ पासून ट्री व्ह्यू नावाचा आयता घटक आहे आणि त्यातही मुलांच्या यादीत नवा नोड घालणे एका ओळीचे काम आहे. मग अडचण कुठे येते? त्याच घटकाचे एक जुने दुखणे पाहू. पान उघडताना १४ तालुक्यांचे नोड जोडण्याचा कोड लिहिला. वापरणाऱ्याने एक बटण दाबले, पान सर्व्हरकडे जाऊन परत आले आणि तालुके २८ झाले. पुन्हा बटण दाबले, ४२. कारण साधे आहे. आधीचे नोड पानाने स्वतःपाशी जपून ठेवलेले असतात आणि कोड प्रत्येक फेरीत ते नव्याने जोडतो. पान पहिल्यांदाच उघडते आहे का, एवढी एक तपासणी घातली की हा दोष जातो. पण तो काय दाखवतो, तेही पाहिले पाहिजे. ‘जोड’ म्हटल्यावर यंत्र जोडते. जोडायची वस्तू आधीपासून तिथे आहे का, हे त्याला विचारता येत नाही, कारण ‘तीच वस्तू’ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

तोच प्रकार जरा वेगळ्या वेषात पुन्हा येतो. भंडारदऱ्याकडच्या एखाद्या डोंगरी गावात नेटवर्क रेंगाळते. नोंद करणारा ‘जतन करा’ दाबतो, काही हलत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. सर्व्हरकडे दोन निरोप पोचतात आणि एकाच पोटहिस्स्याचे दोन नोड तयार होतात. आजकालची बरीच ॲप्लिकेशने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता नवा नोड लगेच पडद्यावर दाखवतात आणि त्याला तात्पुरता क्रमांक देतात. मग खरा क्रमांक आल्यावर तो बदलायचा, नाकारला गेल्यास नोड काढून टाकायचा आणि तेवढ्यात कुणी त्याच्याखाली आणखी एक नोड जोडला असेल तर त्याचेही काहीतरी करायचे, अशी शेपूट वाढत जाते. यावरचा रूढ उपाय चांगला आहे. निरोप पाठवण्याआधीच ब्राउझरने त्याला एक कधीही न जुळणारा क्रमांक द्यायचा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेला तोच निरोप सर्व्हर ओळखतो आणि सोडून देतो. इथेही उपाय ओळख ठरवण्याचाच आहे.

नोडला ओळखायचे कशाने? सर्वांत पहिला मोह नावाचा. नगर जिल्ह्यात हा मोह एका दिवसात उतरेल. निमगाव म्हटले तर कोणते? राहाता तालुक्यात निमगाव कोऱ्हाळे, संगमनेरात निमगाव जाळी, श्रीरामपुरात निमगाव खैरी, नगर तालुक्यात निमगाव वाघा, कर्जतला निमगाव गांगर्डा. टाकळीची तीच गत: पारनेरची टाकळी ढोकेश्वर, राहुरीची टाकळीमियाँ, श्रीरामपूरची टाकळीभान. लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द तर शेजारी-शेजारी, एकाच तालुक्यात. लोकांनी शेपूट जोडून हा प्रश्न केव्हाच सोडवला, असे म्हणता येईल. पण बोलताना ते शेपूट गळते आणि टंकलेखनात ‘बु.’, ‘बुद्रुक’, ‘बुद्रूक’ अशी तीन रूपे घेते. याहून खोल खोडी देवनागरीच्या संगणकीय लेखनात आहे. ‘कोऱ्हाळे’ या नावातला ऱ् दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो: एकात खास ऱ हे अक्षर वापरलेले असते, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळी नावे वाटतात; युनिकोडचे नेहमीचे शुद्धीकरणही त्यांना एक करत नाही. नाव हीच ओळख मानणाऱ्या यंत्रणेत मग कोऱ्हाळे हे गाव दोनदा उगवते आणि निम्मे खातेदार एका कोऱ्हाळ्यात, निम्मे दुसऱ्यात जातात.

आणि नाव बदलते. ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीदिनी, त्यांच्या जन्मगावी म्हणजे जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहमदनगरच्या नामांतराची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. ज्या यंत्रणेत जिल्ह्याचे नाव हीच त्याची ओळख होती, तिथे त्या दिवशी दोनच वाटा उरल्या. एक, अहिल्यानगर नावाचा नवा नोड जोडून १४ तालुके खालच्या गावांसकट तिकडे हलवायचे. दोन, जिथे-जिथे ‘अहमदनगर’ लिहिले आहे तिथे-तिथे ते खोडून नवे नाव भरायचे. पहिल्या वाटेने काही काळ यादीत दोन जिल्हे दिसतात आणि राज्याचे जिल्हे ३७ होतात. दुसऱ्या वाटेने १९८५ च्या खरेदीखताच्या नोंदीतही जिल्हा अहिल्यानगर होतो, जो त्या खतावर कुठेच लिहिलेला नाही. याउलट गाड्यांच्या पाट्या पाहा. नगरच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच १६, श्रीरामपूरचा एमएच १७. सोळा या आकड्यात नगर नाही, निजामशाही नाही, अहिल्यादेवीही नाहीत. म्हणूनच नामांतराने एकाही पाटीला हात लावावा लागला नाही. अर्थहीन असणे हाच या आकड्याचा गुण.

पण आकडा आला म्हणजे अर्थ गेलाच असे नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. भाषा आणि लिपी कोणतीही असो, सारख्या नावांच्या गावांत पत्र चुकू नये, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणजे निमगावांचाच प्रश्न, देशाच्या आकाराचा. त्यांनी काढलेला तोडगा फार देखणा आहे. सहा आकड्यांत एक अख्खे झाड बसवले आहे: पहिला आकडा देशाचा मोठा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. मुळापासून फांदीपर्यंतची वाटच क्रमांक म्हणून वापरायची. वर्गीकरणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला पहिले तीन आकडे वाचून पत्र कुठल्या थैलीत टाकायचे ते कळते. सबंध देशाची यादी त्याला पाठ असावी लागत नाही. मात्र ही वाट टपालाची आहे, महसुलाची नाही. नगरचा पिन ४१४००१, श्रीरामपूरचा ४१३७०९, संगमनेरचा ४२२६०५, शिर्डीचा ४२३१०९. एकाच महसुली जिल्ह्यात ४१३, ४१४, ४२२ आणि ४२३ अशा चार फांद्या. राहाता तालुका झाला तेव्हा शिर्डीचा पिन बदलायचे कारणच पडले नाही, कारण थैल्यांचा मार्ग तोच राहिला. ज्या प्रोग्रॅमरने पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखायचा शॉर्टकट लिहिला असेल, त्याने एका झाडातली जागा दुसऱ्या झाडातली ओळख समजण्याची चूक केली. अशी चूक करणारे फॉर्म आजही कमी नाहीत.

वाटेलाच ओळख मानण्याचा हा मोह डेटाबेसच्या जगात फार जुना आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपोलो मोहिमेतल्या अवकाशयानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने आयएमएस ही यंत्रणा घडवली. तिच्यात सगळी माहिती झाडाच्या रूपात होती. भाग शोधायचा तर वरून खाली ठरलेल्या वाटेनेच जायचे. १९७० मध्ये त्याच कंपनीतल्या एडगर कॉड यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात यावर नेमके बोट ठेवले. झाडाची रचना बदलली की तिच्या वाटा गृहीत धरून लिहिलेले सगळे प्रोग्रॅम मोडतात. त्यांनी सुचवलेल्या रीतीत माहिती साध्या तक्त्यांत राहते आणि कोण कोणाच्या खाली, हीसुद्धा त्यातली एक नोंदच असते. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक गावाच्या ओळीत त्याचा स्वतःचा अर्थहीन क्रमांक आणि ‘वरचा नोड’ म्हणून तालुक्याचा क्रमांक. राहाता तालुका जोडायचा म्हणजे एक नवी ओळ, आणि तिकडे गेलेल्या प्रत्येक गावाच्या ओळीतला एक आकडा बदलणे. गावाखालच्या गटांना आणि पोटहिस्स्यांना याची खबरही लागत नाही. आता हेच वाटेच्या रूपात साठवले असते तर? शिर्डीतल्या प्रत्येक गटाच्या नोंदीवर ‘नाशिक, अहमदनगर, कोपरगाव, शिर्डी’ असा शिक्का असता आणि तो एक-एक करून पुसावा लागला असता. तिसरी एक रीतही वापरात आहे, तिच्यात सबंध झाडाभोवती फिरून प्रत्येक नोडला डावा आणि उजवा असे दोन क्रमांक देतात. एखाद्या तालुक्याखालचे सगळे काही एका फटक्यात काढायला ती उत्तम. पण यादीच्या सुरुवातीला असलेल्या अकोल्यात एक गाव वाढवले की जामखेडपर्यंतच्या सगळ्या नोडांचे क्रमांक पुढे सरकतात. वाचन पुष्कळ आणि भर क्वचित, अशा ठिकाणी ती चालते. जमिनीच्या नोंदींत ती घालणे म्हणजे अंगावर संकट ओढवून घेणे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वेगाचे काय? अडीच कोटींच्या घरातले सातबारे, प्रत्येकासाठी गाव, सजा, मंडळ, तालुका असे वर चढत जायचे तर वेळ लागणार. वाट आयती लिहिलेली असेल तर एका नजरेत काम. हा आक्षेप एकेकाळी फार जड होता. खालून वर किंवा वरून खाली कितीही पायऱ्या चढण्या-उतरण्याची सोय एसक्यूएलच्या प्रमाण भाषेत १९९९ मध्ये आली, पण लोकप्रिय डेटाबेसांत ती यायला वेळ लागला: पोस्टग्रेसमध्ये २००९, मायएसक्यूएलमध्ये तर २०१८. त्याआधीच्या प्रोग्रॅमरने वाट लिहून ठेवली असेल तर त्याला दोष देता येत नाही. आजही वाट लिहून ठेवायला हरकत नाही. फक्त ती मूळ नोंदीवरून काढलेली नक्कल आहे, बदल झाला की ती टाकून नवी काढायची, हे पक्के ठरलेले हवे. नकलेला मूळ समजायचे नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. जिल्हे-तालुके काय रोज बदलतात? त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? रोज नाही, पण विसरण्याइतके क्वचितही नाही. १९९८-९९ या एका वर्षभरात वाशीम, नंदुरबार, हिंगोली आणि गोंदिया हे चार जिल्हे झाले, २०१४ मध्ये पालघर. नगर जिल्ह्याचे विभाजन करा ही मागणी तर कित्येक वर्षांची. मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी, यावरच ती बरीचशी अडलेली आहे. पण या आक्षेपाचे खरे उत्तर वरच्या फांद्यांत नसून झाडाच्या तळाशी आहे. तिथे भर रोज पडते. भावाभावांत वाटणी होते, जमिनीचा काही भाग विकला जातो, रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी संपादन होते आणि गटाचे पोटहिस्से पडतात. १२५ चा १२५/१ आणि १२५/२ होतो, पुढे १२५/१/अ. हे क्रमांक पाहिले की कळते की आपल्या महसूल खात्याने वाटेलाच ओळख बनवण्याची रीत संगणकाच्या कितीतरी आधी स्वीकारली होती. ती कागदावर उत्तम चालली, कारण कागदावर प्रत्येक बदलाचा फेरफार क्रमांक शेजारीच लिहिलेला असतो आणि तो उलगडून पाहणारा तलाठी होता.

या रीतीची खरी कसोटी लागली ती एकत्रीकरणात. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले गेले. अनेक सर्व्हे क्रमांक किंवा त्यांचे हिस्से मिळून एक गट. झाडाच्या भाषेत याचा अर्थ असा की नव्या नोडला एकापेक्षा जास्त पूर्वज आले, आणि जुना सर्व्हे क्रमांक एकापेक्षा जास्त गटांत वाटला गेला. झाडात हे बसत नाही. झाडात प्रत्येकाला एकच वरचा. म्हणून आजही जुना सर्व्हे क्रमांक आणि नवा गट क्रमांक यांचा ताळमेळ बघायला वेगळी पत्रके काढावी लागतात. नुसत्या सातबाऱ्याच्या झाडावरून खाली-वर फिरून उत्तर मिळत नाही. आता २०२१ पासून केंद्राच्या योजनेत प्रत्येक भूखंडाला १४ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक देण्याचे काम सुरू आहे. तो भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढला जातो. गाव, तालुका, मालक यांपैकी कशाचाही त्यात भाग नाही. म्हणजे कोपरगावचे राहाता झाले तरी क्रमांक तोच. भूखंडाचे तुकडे पडले तर मात्र नवे क्रमांक लागतात आणि जुन्याशी त्यांचे नाते वेगळे नोंदवावे लागते. हे बरोबरच आहे. तुकडा ही नवी वस्तू आहे. नुसता वेगळ्या तालुक्यात गेलेला भूखंड ही नवी वस्तू नाही.

जमिनीच्या नोंदींकडून ट्री व्ह्यूने आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि ती बहुतेक लायब्रऱ्यांच्या गावीही नसते. तलाठ्याने फेरफाराची नोंद केली म्हणजे सातबारा बदलला असे होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवसांची मुदत असते, हरकत आली तर प्रकरण तक्रारींच्या नोंदवहीत जाते आणि अखेर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच नवा हिस्सा खऱ्या अर्थाने अस्तित्वात येतो. मधल्या काळात तो नोड आहे आणि नाही. ई-फेरफार आल्यावर ही प्रक्रिया संगणकावर गेली, पण तिचे टप्पे तेच राहिले. सर्वसाधारण ट्री व्ह्यू मात्र नोडच्या दोनच अवस्था जाणतो: जोडलेला किंवा न जोडलेला. प्रस्तावित नोड फिक्या रंगात दाखवणे, त्याच्याखाली आणखी भर घालू न देणे, तो नाकारला गेला तर त्याची खूण शिल्लक ठेवणे, हे सगळे वेगळे लिहावे लागते. तसेच तारखांचे. ‘वरचा नोड’ हा एकच आकडा ठेवला तर फक्त आजचे झाड कळते. शिर्डीच्या ओळीत ‘कोपरगाव, जून १९९९ पर्यंत’ आणि ‘राहाता, तेव्हापासून’ अशा दोन नोंदी ठेवल्या, आणि जिल्ह्याच्या ओळीत दोन नावे आपापल्या तारखांसह ठेवली, तर १९८५ चे खरेदीखत शोधणाऱ्याला त्या काळचे झाड जसेच्या तसे उलगडून दाखवता येते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रत्येक जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायतीला क्रमांक देते ती याच जातीच्या गरजेतून.

तिसरा आक्षेप सर्वांत तात्त्विक आणि म्हणून सर्वांत आकर्षक. जगच जर झाडासारखे नसेल, एकत्रीकरणात झाड मोडत असेल, टपालाचे झाड वेगळे आणि महसुलाचे वेगळे असेल, तर झाड दाखवताच कशाला? जाळे दाखवा. या म्हणण्यात तथ्य आहे. जिल्ह्यात तालुके १४, पण विधानसभा मतदारसंघ १२. कर्जत आणि जामखेड मिळून एक, शेवगाव आणि पाथर्डीचा बराचसा भाग मिळून एक. नगर तालुक्यातली गावे तर एकाहून अधिक मतदारसंघांत विखुरलेली. त्यावर लोकसभेचे दोन. वाहनांच्या हिशेबात जिल्हा १६ आणि १७ असा फाटलेला. शिर्डी एकाच वेळी या सगळ्या झाडांवर आहे. तरीही निष्कर्ष चुकतो. माणसाला एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: माझा सातबारा कुठल्या तहसीलदाराकडे, माझे मत कुठल्या मतदारसंघात, माझी गाडी कुठे नोंदवायची. प्रत्येक प्रश्नाला एक झाड पुरते आणि झाडाइतकी चटकन उमगणारी दुसरी मांडणी नाही. जाळे डेटाबेसात असू द्यावे. पडद्यावर त्यातून हवे ते झाड काढून दाखवावे. मात्र त्यासाठी शिर्डी हा नोड एकच हवा आणि झाडे अनेक, आणि ते तेव्हाच जमते जेव्हा शिर्डीची ओळख यांपैकी कुठल्याच झाडातल्या जागेवरून काढलेली नसते.

एवढे मान्य केले की पडद्यावरचे प्रश्न बरेच निवळतात, पण संपत नाहीत. सगळे झाड एकदम आणायचे नाही, हे उघड आहे. जिल्हा उघडला की १४ तालुके आणायचे, राहाता उघडला की त्याची गावे, गाव उघडले की गट. यात एक बारकावा निसटतो. ज्या गावाचे गट अजून आणलेलेच नाहीत, त्याच्याखाली नवा गट जोडला तर गावाची फांदी उघडल्यावर तो एकटाच दिसतो, जणू गावात दुसरी जमीनच नाही. म्हणून आधी मुले आणायची, मग भर घालायची. दुसरा बारकावा, भर कुठे घालायची? यादीच्या तळाशी टाकून मोकळे होणारे पुष्कळ. पण शोधणारा अक्षरक्रमाने शोधतो, आणि संगणकाचा आपसूक अक्षरक्रम मराठी नसतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. जिल्ह्याच्या गावांची यादी निव्वळ तक्त्याच्या क्रमाने लावली तर कोल्हार, कोळपेवाडी, कोहोकडी असा क्रम लागतो. वर्णमाला घोकलेला माणूस कोळपेवाडी कोहोकडीच्या नंतर शोधतो आणि गाव यादीत नाहीच असे समजून नव्याने जोडतो. ब्राउझरला मराठी क्रमाने लाव असे स्पष्ट सांगितले तर तो लावतो. मराठीचे नियम त्याच्यापाशी आहेत, कुणी मागत नाही. गट क्रमांकांत हीच गंमत आकड्यांची: अक्षर समजून लावले की १, १०, १००, २ असा क्रम लागतो.

नव्या गावाचे नाव पानात घालताना ते मजकूर म्हणूनच घालायचे, पानाच्या कोडचा तुकडा म्हणून नाही; नाहीतर नावाच्या चौकटीत कुणी खोडसाळपणे आज्ञा लिहिली तर ती पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते. आणि डोळ्यांनी न पाहणाऱ्या वापरकर्त्याला भर पडल्याचे कळले पाहिजे. २०१४ मध्ये वेबच्या मानक संस्थेने यासाठीच्या खुणा ठरवून दिल्या: हे झाड आहे, ही त्यातली ओळ, ती उघडी आहे की मिटलेली, कितव्या थरावर, भावंडांत कितवी. उजवा बाण फांदी उघडतो, डावा मिटतो किंवा वरच्या नोडवर नेतो. नवा नोड जोडल्यावर भावंडांची संख्या आणि क्रमांक ताजे केले नाहीत तर वाचक-यंत्र ‘चौदापैकी पंधरावा’ असे काहीतरी वाचते. शिवाय जोडणाऱ्याला नव्या नोडवर न्यायचे की होता तिथेच ठेवायचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. एकच भर असेल तर नव्या नोडवर न्यावे आणि एकामागून एक दहा पोटहिस्से भरायचे असतील तर वरच्या गटावरच ठेवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. तलाठ्याच्या कामात दुसरा प्रकार अधिक.

जिल्हा विभाजनाचा निर्णय उद्या झालाच, तर वर सांगितलेल्या रीतीच्या यंत्रणेत करायचे काम मोजके आहे. नव्या जिल्ह्याची एक ओळ, तिकडे जाणाऱ्या प्रत्येक तालुक्याला त्या तारखेपासून नवा वरचा नोड, जुन्या नात्याला त्याच तारखेला पूर्णविराम आणि आधी काढून ठेवलेल्या वाटांच्या नकला पुसून नव्याने काढणे. गावांच्या ओळी तशाच, गटांच्या तशाच, पिनकोड टपाल खात्याच्या मर्जीवर आणि एमएच १७ परिवहन खात्याच्या. उरतो तो एकच प्रश्न, मुख्यालय कुठे. आणि त्याचे उत्तर प्रोग्रॅमरकडे कुणी मागणार नाही.